वीतभर अंतर

पहाटेच्या तीन-साडेतीनला घरात एक खोकला जागा होतो. कोरडा, एकामागून एक येणारा, थांबला असं वाटताच पुन्हा उसळणारा. माणूस उठून बसतो, पाण्याचे दोन घोट घेतो, छातीच्या मधोमध तळहात दाबून धरतो. काय होतंय म्हणून विचारलं तर "छाती आवळल्यासारखी वाटतेय" एवढंच सांगतो. बेडका पडत नाही, ताप नाही. सकाळी दहाला तोच माणूस कामाला लागलेला असतो आणि संध्याकाळी दवाखान्यात गेला तर स्टेथोस्कोपमधून छाती स्वच्छ ऐकू येते. मग खोकल्याची बाटली मिळते. ती संपली की दुसरी. मध्ये कधीतरी अँटिबायोटिकचा कोर्स होतो. घरात हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सुंठ-मधाचं चाटण चालूच असतं. असे दोन-दोन महिने निघून जातात.

अशा खोकल्याच्या मुळाशी पुष्कळदा दमा असतो. धाप न लावणारा, छातीतून शिट्टी न वाजवणारा, नुसता खोकला आणि छातीचा आवळा घेऊन येणारा दमा. असे रुग्ण डॉक्टरांना आधीही भेटत असणार, पण १९७९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी खोकला हेच एकमेव लक्षण असलेल्या मोजक्या रुग्णांचं नीट वर्णन छापलं आणि या प्रकाराला वैद्यकात स्वतःचं नाव मिळालं. आपल्याकडे मात्र तो अजूनही 'ॲलर्जीचा खोकला' किंवा 'जरासा ब्राँकायटिस' या नावांखाली वावरतो. 'दमा' हा शब्द उच्चारला की घरातल्यांचे चेहरे उतरतात, मुलीच्या लग्नाची काळजी सुरू होते, आणि डॉक्टरही शब्द गिळतात. पण नाव घेतलं नाही की औषधही अर्धवट दिलं जातं, आणि अर्धवट घेतलं जातं.

या दुखण्याचं औषध श्वासातून घ्यायचं असतं, आणि ते फार थोडं लागतं. किती थोडं, तर मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं. एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात. ओठांपासून श्वासनलिका दुभंगते त्या जागेपर्यंतचं अंतर जेमतेम वीत-सव्वा वीत. औषध दुकानात मिळतं, सरकारी दवाखान्यांतही मिळतं. तरीही असंख्य लोकांचा उपचार त्या वीतभर अंतरातच वाया जातो. चुकीच्या औषधानं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान योग्य औषध घशात पडून राहिल्यानं होतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखात औषधांच्या नावांपेक्षा श्वासाबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी आत काय बिघडलेलं असतं ते पाहू. श्वासनलिकांच्या आतलं अस्तर सुजलेलं आणि चिडलेलं असतं. नळ्यांभोवतीचे स्नायू त्या चिडीला उत्तर म्हणून आवळतात. छाती आवळल्याची भावना तिथून येते, आणि चिडलेल्या मज्जातंतूंमुळे खोकला उसळतो. थंड हवा, एसीचा झोत, खळखळून हसणं, जिना चढणं, मिरचीची फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल या निरोगी माणसाला सहज सोसणाऱ्या गोष्टी इथे ठिणगीचं काम करतात. पहाटेच का, यालाही कारण आहे. सूज आणि आवळा रोखून धरणारी शरीराची स्वतःची कॉर्टिसोल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं रात्री उतरणीला लागतात, आणि पहाटे चारच्या आसपास श्वासनलिका दिवसभरातल्या सगळ्यात अरुंद अवस्थेत असतात. त्यात जुन्या कापसाच्या गादीतले धुळीचे किडे नाकाशी असतात.

खोकल्याचं सिरप या सगळ्याच्या आसपासही पोचत नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फनसारखी औषधं मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला दाबतात, सूज आहे तिथेच राहते. ब्रोमहेक्झिन कफ पातळ करतं. हे ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून तयार झालेलं आहे, म्हणजे आजीचा अडुळसा आणि दुकानातली बाटली एकाच कुळातली. पण इथे पातळ करायला कफच फारसा नसतो.

पंपाकडे, म्हणजे इनहेलरकडे, वळण्याआधी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यात आपल्या देशात क्षयरोगाची तपासणी आधी. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे सरकारी केंद्रात मोफत होतो. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त येणं यांपैकी एक जरी असेल तर एका दिवसाचाही उशीर नको. दुसरं, रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट वाचा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला राहतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो काही आठवड्यांत जातो, आणि पंपानं तो जाणारच नसतो. तिसरं, काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यांतल्या थेंबाचा छातीशी संबंध कुणाच्या मनात येत नाही, पण ते थेंब दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळू शकतात. आम्लपित्त वर चढणं, नाकातून घशात ओघळणारा शेंबूड हीसुद्धा जुन्या खोकल्याची नेहमीची कारणं आहेत. आडवं झाल्यावर वाढणारा खोकला आणि पायांवर सूज असेल, किंवा छातीचा आवळा चालल्यावर येऊन थांबल्यावर जात असेल, तर आधी हृदय तपासायचं. आणि लहान मूल खाता खाता ठसकलं आणि तेव्हापासून खोकतच राहिलं, तर श्वासनलिकेत शेंगदाणा अडकला आहे का, हा पहिला प्रश्न.

दम्याची खूणगाठ बांधायला स्पायरोमेट्री ही तपासणी आहे. यंत्रात जोरानं फुंकायचं, मग सालब्युटामॉल या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचे पफ, म्हणजे पंपाचे फवारे, घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली तर दम्याच्या बाजूनं पुरावा मिळाला. अडचण अशी की दिवसा दुपारी माणूस ठीक असताना ही तपासणी निर्दोष येऊ शकते, आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून विषय मिटतो. त्यासाठी श्वास किती वेगानं बाहेर पडतो ते मोजणारी, पीक फ्लो मीटर नावाची साधी प्लॅस्टिकची नळी घरी आणावी. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा उभं राहून तीनदा फुंकायचं, तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. दोन आठवडे. सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३८० आला तर फरक ८०, दोन्हींची सरासरी ३४०, म्हणजे चढउतार जवळपास साडेतेवीस टक्के. प्रौढ माणसात रोजच्या चढउताराची सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली की ती दम्याकडे बोट दाखवते. स्टेथोस्कोपला जे ऐकू येत नाही ते पहाटेच्या या आकड्यात पकडलं जातं.

श्वासातून औषध घेणं ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. धोतऱ्याचा धूर दम्यासाठी ओढण्याची पद्धत हिंदुस्थानात जुनी होती, आणि १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून इंग्लंडात गेली. तिथे पुढे शंभर-सव्वाशे वर्षं दम्याच्या 'औषधी सिगारेटी' विकल्या गेल्या. धोतरा विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. पण त्यातल्या ॲट्रोपिनच्याच घराण्यातलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या मशीनमध्ये, वापरलं जातं. हातात मावणारा पंप मात्र अलीकडचा. १९५५ साली रायकर लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, की माझं औषध केसांच्या स्प्रेसारख्या डबीत का मिळू नये? काचेचा, रबरी फुग्याचा, सतत फुटणारा फवारा वापरून ती कंटाळली होती. १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. सालब्युटामॉल १९६९ ला, आणि श्वासातून घ्यायचं पहिलं यशस्वी स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, १९७२ ला.

या दोन औषधांतला फरक समजला की निम्मं काम झालं. सालब्युटामॉल आणि लेव्होसालब्युटामॉल आवळलेला स्नायू सैल करतात. पाच मिनिटांत आराम, चार ते सहा तास टिकतो. पण सुजेला ती हातही लावत नाहीत. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही स्टेरॉइडं सूज उतरवतात. त्यांचा परिणाम त्या क्षणी जाणवत नाही, काही दिवसांनी दिसायला लागतो. रुग्णाच्या मनात साहजिकच पहिलं औषध 'गुणकारी' आणि दुसरं 'काही उपयोग नाही' असं ठरतं. मग दुसरा पंप कपाटात जातो आणि पहिला खिशात राहतो. घरातली आग न विझवता धूर जाण्यापुरती खिडकी उघडत राहावी, तसं ते आहे. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आयसोप्रिनलिन या स्नायू सैल करणाऱ्याच जुन्या औषधाच्या जास्त तीव्रतेच्या पंपांच्या काळात दम्याचे मृत्यू अचानक वाढले होते. आज हिशोब असा सांगितला जातो: सालब्युटामॉलचे २०० पफचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा.

म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, की प्रौढ आणि १२ वर्षांवरच्या मुलांत नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळायचा नाही. त्याऐवजी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप. आपल्याकडे तो बहुधा २०० आणि ६ मायक्रोग्रॅमच्या मापात मिळतो. फॉर्मोटेरॉल एक ते तीन मिनिटांत काम सुरू करतं आणि बारा तास टिकतं, त्यामुळे हाच पंप रोजचाही आणि अडीअडचणीचाही होऊ शकतो, आणि आराम हवा म्हणून घेतलेल्या प्रत्येक पफबरोबर सुजेचं औषधही आपोआप पोटात नव्हे, छातीत जातं. सौम्य त्रासात लागेल तेव्हा एक पफ, जास्त त्रासात सकाळ-संध्याकाळ एक किंवा दोन आणि शिवाय लागेल तेव्हा एक. हे डॉक्टर ठरवतात. या मिश्रणाची प्रौढांसाठी दिवसभराची कमाल मर्यादा सगळे मिळून १२ पफ आहे, पण नेहमीपेक्षा दुप्पट लागायला लागले की त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. सालमेटेरॉल आणि फ्लुटिकासोनचा पंपही दिसायला असाच असतो, पण सालमेटेरॉलला सुरू व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यामुळे तो फक्त रोजच्या वेळेला घ्यायचा, खोकल्याची उबळ आली म्हणून नाही. आपल्या पंपावरची बारीक अक्षरं एकदा भिंग घेऊन वाचावीत आणि यांपैकी कोणतं औषध आहे ते पक्कं माहीत करून घ्यावं.

आता तो वीतभर प्रवास.

पंपातून औषध सुटतं तेव्हा ते फार वेगात असतं. ओठांमागे लगेच जीभ, मग घशाचं काटकोनातलं वळण. वेगात जाणारी वस्तू वळणावर वळत नाही, भिंतीवर आदळते. पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब बहुतेक इथेच अडकतात, एक ते पाच मायक्रॉनचे खाली उतरतात. नीट घेतलं तरी पंपातल्या औषधाचा दहा-वीस टक्केच भाग फुप्फुसात पोचतो, आणि चुकीचं घेतलं तर जवळजवळ काहीच नाही. पण मात्रा मुळातच हा हिशोब धरून ठरवलेली असते. आपण फक्त तो दहा-वीस टक्क्यांचा वाटा गमवायचा नाही.

झाकण काढा आणि आत डोकावून पाहा. खिशातलं नाणं, बडीशेपेचा दाणा तोंडात गेल्याचे प्रकार घडतात. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा, कारण बऱ्याच पंपांत औषध द्रवात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं आणि तळाशी बसतं. नवा पंप असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी काही पफ हवेत सोडा. किती, ते पाकिटातल्या कागदावर असतं. ताठ बसा किंवा उभे राहा, हनुवटी किंचित वर. पंप तोंडापासून लांब ठेवून श्वास पूर्ण बाहेर सोडा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि भरलेल्या छातीत औषधाला जागाच उरत नाही. मग पंपाचं तोंड दातांच्या मध्ये, ओठ घट्ट मिटलेले, जीभ खाली. हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरू होताच पंप दाबा. आधी दाबून मग ओढलं तर औषध जिभेवर, श्वास संपताना दाबलं तर घशात. चार-पाच सेकंद तसाच संथ श्वास घेत राहा. मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, कारण बारीक थेंबांना नळीच्या भिंतीवर बसायला तेवढा वेळ लागतो. दुसरा पफ अर्ध्या-एका मिनिटानं, पुन्हा हलवून.

पावडरचं यंत्र, म्हणजे रोटाकॅप या कॅप्सूलमधली पावडर ओढायचा रोटाहेलर, याच्या बरोबर उलट वागतं. त्यात जोर देणारा वायू नसतो. पावडर उडवायची ताकद तुमच्या श्वासातून यायची असते. म्हणून पंपाला संथ श्वास आणि पावडरला जोराचा, झटक्यात सुरू होणारा, खोल श्वास. एकाच माणसाला दोन्ही प्रकार लिहून दिले की हमखास घोटाळा होतो, आणि शक्यतो दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या यंत्रात मागून घ्यावीत. रोटाहेलर उभा धरून कॅप्सूल पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात पूर्ण दाबायची, तळ फिरवायचा म्हणजे तिचे दोन भाग वेगळे होतात. श्वास बाहेर सोडताना यंत्रात फुंकायचं नाही. फुंकलं तर पावडर उडते आणि ओलीही होते. जोरानं ओढून दहा सेकंद थांबायचं, आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. तोंड गोड लागतं ते दुग्धशर्करेमुळे. औषधाचे कण इतके बारीक असतात की ते वाहून न्यायला तिच्या मोठ्या कणांवर बसवलेले असतात. गोड लागलं म्हणजे शर्करा जिभेवर पडली, औषध छातीत गेल्याची ती खूण नव्हे. आणि या कॅप्सूल गिळायच्या नसतात, हे देताना स्पष्ट सांगावंच लागतं, कारण कॅप्सूल म्हटल्यावर गिळणारे बरेच आहेत.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने पावडरला वैरी असतात. कॅप्सूल दमट हवेत मऊ पडते, पावडरच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्या घशातच थांबतात. बाटलीतून कॅप्सूल घ्यायच्या वेळीच काढायची, कोरड्या हातानं, आणि झाकण लगेच घट्ट. बाथरूमच्या कपाटात, स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवायची नाही. धुतलेला रोटाहेलर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय वापरायचा नाही. नेमका हाच काळ ओल्या भिंतींवर बुरशी धरण्याचा, म्हणजे खोकलाही वाढण्याचा. पंपाला दमटपणाची एवढी बाधा होत नाही, पण उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये.

हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर. माझ्या मते तो सगळ्यांनीच वापरावा, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी तर तो ऐच्छिक मानूच नये. स्पेसर म्हणजे मध्ये ठेवलेली पोकळ डबी: औषधाचा वेग तिथे मंदावतो, मोठे थेंब तिच्या भिंतीवर बसतात आणि घशाला लागत नाहीत. एक पफ सोडायचा, लगेच एक लांब संथ श्वास घेऊन दहा मोजायचे. जमत नसेल तर पाच-सहा साधे श्वास आत-बाहेर. दोन पफ एकदम सोडले तर थेंब एकमेकांवर आदळून डबीलाच चिकटतात आणि दोन पफचं पूर्ण औषध मिळत नाही. लहान बाळाला मास्क, आणि मास्क चेहऱ्याला घट्ट. बाळ रडताना औषध द्यावं म्हणजे खोल श्वास जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात रडताना औषध फार कमी जातं, झोपेत किंवा मांडीवर शांत असताना द्यावं.

प्लॅस्टिकच्या नव्या स्पेसरला विजेचा स्थिर भार असतो, तो औषध ओढून घेतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून त्यात बुडवायचा आणि फडक्यानं न पुसता उभा ठेवून वाळू द्यायचा. पुसलं की भार पुन्हा तयार. स्पेसर परवडत नसेल, जवळ मिळत नसेल, तर पाण्याची रिकामी अर्धा लिटरची बाटलीही चालते. बाटलीच्या तळाला तापवलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाच्या नेमक्या आकाराचं भोक पाडायचं, तिथे पंप घट्ट बसवायचा, फट गोंदानं बुजवायची आणि बाटलीचं तोंड आपल्या तोंडात धरायचं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली मुलांच्या अटॅकमध्ये अशी बाटली नेहमीच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडल्याचं दाखवलं होतं. भोक पाडताना उडालेले तुकडे आत राहणार नाहीत एवढं पाहायचं.

"मशीन लावल्याशिवाय बरं वाटत नाही" असं बऱ्याच घरांत म्हणतात. नेब्युलायझरला आपण 'वाफ घेणं' म्हणतो, आणि त्या शब्दामुळे पातेल्यातली गरम पाण्याची वाफ त्याच रांगेत जाऊन बसते. गरम वाफेनं श्वासनलिकांची सूज उतरत नाही, लहान मुलं भाजतात मात्र. नेब्युलायझरमध्ये सालब्युटामॉलचे २५०० मायक्रोग्रॅम घातले तरी बराचसा भाग हवेत आणि कपात उरतो. साध्या ते मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून घेतलेले चार ते आठ पफ तोच आराम देतात. जो माणूस अगदी दमला आहे, किंवा जे मूल दुसरं काही घेऊच देत नाही, तिथे मशीन उपयोगाचं. कपात एकूण तीन-चार मिलिलिटर द्रव हवा, दहा मिनिटांत संपला पाहिजे, मास्क चेहऱ्याला चिकटलेला हवा. चार बोटं लांब धरलेल्या मास्कमधून फारसं काही पोचत नाही. ब्युडेसोनाइडची नळी आधी हलक्या हातानं हलवून घ्यायची, आणि हे औषध अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये नीट उडत नाही, त्याला हवेच्या दाबाचं मशीन लागतं. प्रत्येक वेळी कप धुऊन वाळवला नाही तर पुढच्या वेळी औषधाबरोबर जंतूही जातात.

स्टेरॉइडची भीती हा सगळ्यात मोठा अडसर आहे, आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यावं. दिवसाला ब्युडेसोनाइडचे ४०० मायक्रोग्रॅम घेतले तर वर्षाचे होतात १४६ मिलिग्रॅम. पंप टाळून मोठा अटॅक आला की प्रेडनिसोलोन हे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड दिवसाला ४० मिलिग्रॅम असं पाच दिवस द्यावं लागतं, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि ते सगळं रक्तातून सगळ्या अंगभर. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, ब्युडेसोनाइड वजनाच्या मानानं तीव्र आहे, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. पण ब्युडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो त्यातला सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. मुलांच्या उंचीबद्दल विचारतात, त्याचंही सरळ उत्तर आहे. अमेरिकेत अनेक वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हे लपवू नये. रात्र-रात्र खोकणारं, शाळा बुडवणारं, खेळायला न जाणारं मूल दुसऱ्या पारड्यात ठेवून आई-बापांनी निर्णय घ्यावा, आणि डॉक्टरांनी लागेल तेवढीच कमीत कमी मात्रा द्यावी.

गोळीही निरुपद्रवी नाही. सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या ४० पफइतकं औषध; हात थरथरतात आणि छाती धडधडते ती त्यामुळे. पंपाचा खरा त्रास घशाला होतो: आवाज बसणं, जिभेवर-टाळ्यावर पांढरी बुरशी. प्रत्येक वेळी पाण्यानं चूळ भरून, घसा खळखळवून पाणी थुंकायचं. सकाळी-रात्री दात घासण्याच्या आधी पंप घेतला की ही आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. 'सवय लागते' हा आक्षेप चष्म्याला कुणी घेत नाही. गरोदरपणातही पंप आपल्या मनानं बंद करायचा नाही. आईच्या अपुऱ्या श्वासाचा धोका बाळाला जास्त असतो.

खोकला साधारण दोन आठवड्यांत उणावायला लागतो, पूर्ण जायला आठ आठवडेही लागू शकतात. आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून किंवा तिसऱ्या आठवड्यात "बरं वाटतंय" म्हणून सोडणारे दोघेही पुन्हा पहाटे तीनला जागे होतात. तीन महिने त्रास नसला की डॉक्टर मात्रा पाव किंवा निम्म्यानं उतरवतात. पंप मध्येच संपल्याचंही लक्षात येत नाही, कारण औषध संपल्यावरही आतला वायू फुस्सकन बाहेर येतच राहतो. पाण्यात टाकून तरंगतो का पाहायची रीत चुकीची आहे. मोजणारा आकडा नसेल तर पहिल्याच दिवशी पंपावर पेननं तारीख लिहायची: १२० पफचा पंप, रोज चार, म्हणजे तिसाव्या दिवशी नवा. कोजागरीला खिरीतून औषध घ्यायला किंवा जूनमध्ये हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणाऱ्यांनी आपली श्रद्धा जरूर जपावी, फक्त पंप सोबत न्यावा आणि एकही दिवस बंद करू नये.

अटॅक आला तर माणसाला आडवं करू नका, बसवून किंचित पुढे झुकवा. सालब्युटामॉल स्पेसरमधून चार पफ, एका वेळी एक, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर झाले असतील, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर थांबायचंच नाही: १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत तेच चार-चार पफ चालू. खूप आवाज करणारी छाती एकाएकी शांत झाली आणि माणूस थकलेला दिसला, तर ती सुधारणा समजू नका. नळ्यांतून हवाच जाईनाशी झालेली असू शकते.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना रिपोर्टच्या फायलीबरोबर पंप आणि स्पेसरही न्या, आणि त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. त्यांनी सांगितलं नाही तरी. घरी आरशासमोर घेऊन पाहिलं तरी बरंच कळतं. पंप दाबल्यावर ओठांच्या कडेनं किंवा नाकातून पांढरा धूर निसटताना दिसला, तर तेवढं औषध खोलीत गेलं.